दिवाडी बेटावरची सेवा : एका ज्येष्ठ दांपत्याचा अनुभव

मिरजेला परिचारिका म्हणून अनेक वर्षे नोकरी करून मी निवृत्त झाले, त्याच सुमारास माझे पतीही मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाले, आणि ज्येष्ठ दांपत्यांनी काही काळ दुसऱ्या ठिकाणी राहून सेवा करावी अशी आमच्या ख्रिस्ती मंडळीची (चर्चची) जी योजना आहे, तिच्यासाठी आम्ही दोघांनी नावे दिली. पाळकांबरोबरची बैठक, वैद्यकीय तपासणी, मुलांशी बोलणे आणि निवृत्तिवेतनातून खर्चाची तजवीज एवढे सगळे पार पडल्यावर आमची नेमणूक गोव्यातील दिवाडी बेटावर झाली. मुदत दीड वर्षाची होती. नेमणुकीच्या पत्रात काम थोडक्यात सांगितले होते : बेटावर एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी जाणे आणि त्यांना लागेल ती मदत करणे. या कामाची रोजची घडी कशी बसली, हे अशा सेवेचा विचार करणाऱ्या दांपत्यांना उपयोगी पडेल, म्हणून लिहीत आहे.

दिवाडी हे मांडवी नदीतील बेट असून त्याला पूल नाही. दक्षिणेकडून जुने गोवे आणि रायबंदर, तर उत्तरेकडून डिचोली तालुक्यातील नार्वे येथून फेरीबोट सुटते आणि पायी प्रवाशांकडून तिचे भाडे घेतले जात नाही. राजधानी पणजी हाकेच्या अंतरावर असूनही बेटावरचे आयुष्य वेगळ्या वेळेवर चालते, ते या फेरीमुळे. पिएदाद गावात फिरताना नव्या माणसाच्या नजरेत प्रथम भरतात ती कुलपे. मोठमोठी कौलारू घरे, पुढे बल्कांव म्हणजे बसायचा छपरी ओटा, आणि दाराला कुलूप, कारण घरचे लोक आखाती देशांत, पोर्तुगालमध्ये किंवा इंग्लंडमध्ये आहेत. जी दारे उघडी आहेत, त्यांतील अनेकांच्या आत एकच वृद्ध माणूस राहतो. पैशांची ददात प्रत्येकाला असतेच असे नाही, पण रक्तदाब तपासून घ्यायला किंवा बँकेत जायला बरोबर येणारे कोणी नसते.

घर मिळवणे, भाडेकरार, पोलीस ठाण्यात भाडेकरू पडताळणीचा अर्ज आणि गॅसची जोडणी ही कामे इतर कोठेही होतात तशीच झाली, त्यांवर अधिक लिहीत नाही. मात्र त्या पहिल्या महिन्यातील एक काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बेटावरील ख्रिस्ती वस्ती प्रामुख्याने कॅथलिक आहे, आम्ही प्रॉटेस्टंट आहोत, आणि शेजारी हिंदू कुटुंबेही मोठ्या संख्येने आहेत. घरोघरी जाणाऱ्या अनोळखी मिशनरी दांपत्याकडे लोक साशंक नजरेने पाहणार, हे उघड होते आणि त्यांचे तसे पाहणे रास्तही होते. म्हणून कोणाच्याही घरी पाऊल टाकण्याआधी आम्ही चर्चचे विगार म्हणजे मुख्य धर्मगुरू आणि पंचायतीचे सदस्य यांना भेटलो आणि आमचे नियम स्पष्ट सांगितले. आम्ही पत्रके वाटणार नाही, धर्माचा विषय आपण होऊन काढणार नाही, कोणी प्रार्थनेची विनंती केली तरच प्रार्थना करू आणि पैशांच्या व्यवहाराला हात लावणार नाही. हे नियम आम्ही आजतागायत पाळले आहेत. आजाऱ्याची सेवा करताना तिला दुसरा हेतू जोडला की सेवेचीच किंमत उणावते, असे माझे ठाम मत आहे, आणि ख्रिस्ती माणूस म्हणूनच मी ते बाळगते.

सुरुवातीला जो बोलावील त्याच्याकडे जायचे, अशी पद्धत होती. त्यातून धावपळ फार होई आणि वृद्धांना त्याचा फारसा उपयोग होत नसे. एकट्या माणसाला आपल्याकडे कोणी येणार आहे हे आधी ठाऊक असणे हाच निम्मा आधार असतो, हे लक्षात आल्यावर माझ्या पतींनी शाळेच्या वेळापत्रकासारखा तक्ता केला. प्रत्येक घराला वार ठरला, वेळ ठरली, आणि काहीही झाले तरी ती पाळायची असे आम्ही ठरवले. याचा परिणाम लवकरच दिसला. आपल्या वाराला लोक अंघोळ करून, औषधांची पिशवी घेऊन बल्कांवावर बसू लागले. फेरी चुकल्यामुळे आम्ही उशिरा पोहोचलो की “सिस्तर, आयज वेळ जालो” असे ऐकून घ्यावे लागते, आणि ते ऐकताना मला समाधानच वाटते, कारण त्याचा अर्थ कोणीतरी घड्याळाकडे पाहत वाट बघत होते.

आमचा दिवस पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्याने सुरू होतो. सायकलवर पोई आणि उंडे घेऊन तो येतो तेव्हा आमचे शास्त्रवाचन आणि प्रार्थना आटोपलेली असते. ऊन चढण्याआधी जवळची घरे होतात. मी रक्तदाब आणि साखर तपासते, पायांच्या जखमा पाहते, आणि माझे पती तोवर औषधे मोजतात. येथील ऐंशीच्या पुढच्या अनेकांचे शिक्षण १९६१ च्या मुक्तीपूर्वी पोर्तुगीजमधून झालेले आहे, काहींना रोमी लिपीतील कोकणी वाचता येते, तर काही कधी शाळेतच गेले नाहीत. डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीवरील अक्षर त्यांपैकी बहुतेकांना निरुपयोगी असते. म्हणून माझ्या पतींनी पुठ्ठ्याच्या डब्यांना कप्पे केले आणि सकाळच्या कप्प्यावर उगवता सूर्य, दुपारच्या कप्प्यावर पेजेची वाटी, रात्रीच्या कप्प्यावर चंद्र अशी चित्रे काढली. आठवड्याने डबा पाहिला की कोणती गोळी राहिली हे ताबडतोब कळते, आणि डॉक्टरांनाही तेच दाखवता येते. माझे माहेर वेंगुर्ल्याचे, त्यामुळे मालवणीच्या आधारे कोकणी लवकर कानांवर बसली. माझे पती अजून मराठीतच बोलतात आणि लोक त्यांना कोकणीत उत्तरे देतात. दोघांचेही अडत नाही.

दुपारी बारा ते चार बेट झोपते आणि आम्हीही विश्रांती घेतो. साठीनंतरच्या माणसाने या हवेत दुपारी उन्हातून फिरण्याचा हट्ट धरू नये. संध्याकाळी कागदपत्रांचे काम असते, आणि हे काम आमच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळच मोठे निघाले. राज्य सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून ज्येष्ठांना दरमहा २,००० रुपये मिळतात, परंतु त्यासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना तो साधारणतः नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो, आणि केंद्राच्या ऐंशी वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. टपाल खात्यातील पतीमागे कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या एका आजींचे उदाहरण सांगते. आयुष्यभर शेतात आणि चुलीपाशी राबल्यामुळे त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या आणि यंत्रावर ठसा उमटत नव्हता. बँकेत जाऊन त्या परत आल्या होत्या आणि पैसे बंद होतील या भीतीने त्यांची झोप उडाली होती.

‘जीवन प्रमाण’ या डिजिटल हयातीच्या दाखल्याची सोय २०१४ पासून आहे आणि २०२१ पासून तीत ठशाऐवजी चेहऱ्यावरून ओळख पटवता येते. माझ्या पतींनी फोनवर त्यासाठीची दोन्ही ॲप घेतली. आधी मदत करणाऱ्याचा चेहरा पडताळला जातो, मग आधार क्रमांक, निवृत्तिवेतन आदेशाचा क्रमांक आणि बँकेचे खाते भरावे लागते आणि शेवटी निवृत्तिवेतनधारकाचा चेहरा टिपला जातो. घरात उजेड पुरेना, म्हणून आजींना बल्कांवावर, प्रकाश समोरून येईल असे बसवले. पापणी मिटायची आहे असे सांगितल्यावर त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि मनात जपमाळेची प्रार्थना सुरू केली. त्यामुळे पुन्हा सुरुवात करावी लागली. फोनवर पोहोच आली, तेव्हा ती कागदावर लिहून द्या असा त्यांनी आग्रह धरला, आणि तो कागद आता देव्हाऱ्याखालच्या खणात असतो. पेन्शनच्या बाबतीत मुद्दाम एवढ्या तपशिलात लिहिले, कारण असे काम शिकून घेण्यास कोणत्याही निवृत्त शिक्षकास अडचण येऊ नये आणि एकट्या वृद्धाचा महिनाभराचा घोर त्यामुळे एका संध्याकाळी मिटतो.

रुग्णालयाचा दिवस मात्र पूर्ण दिवस घेतो. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जायचे म्हणजे पहिल्या फेऱ्यांपैकी एक धरून जुने गोवे, तेथून बसने पणजी, आणि तेथून दुसऱ्या बसने बांबोळी. माझे पती पुढे जाऊन केसपेपरच्या रांगेत उभे राहतात, मी रुग्णाला सावकाश घेऊन येते. दोघे असल्याचा खरा उपयोग येथे होतो, एकट्या सेवकाला हे जमणे कठीण आहे. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनामुळे जुन्या गोव्यात देशोदेशीचे भाविक लोटले होते, तेव्हा आम्ही रायबंदरच्या फेरीचा मार्ग धरला.

पावसाळ्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबरमध्ये येतो. बेटाभोवतीची खाजन म्हणजे खाऱ्या पाण्याकाठची सखल शेती बांधांच्या आधाराने उभी आहे. बांधातील मानशीची लाकडी दारे ओहोटीला उघडतात व पावसाचे पाणी नदीत जाऊ देतात, भरतीला मिटतात व खारे पाणी आत येऊ देत नाहीत. मोठा पाऊस आणि भरती एकत्र आली की शेतातले पाणी रस्त्यावर येते. या दिवसांत वीज तासन्‌तास नसते, आणि मधुमेहींच्या इन्सुलिनची काळजी सुरू होते. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असते, वापरात असलेली सुमारे चार आठवडे थंड जागी बाहेर चालते. म्हणून फ्रीज बंद पडला की कुपी पिशवीत गुंडाळून, ओल्या वाळूत बसवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवायची, पाण्यात बुडू द्यायची नाही, हे मी प्रत्येक घरी करून दाखवले. शेतात उतरणाऱ्यांना लेप्टोची (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती असते, त्यामुळे पायाला चीर असताना चिखलात जाऊ नये आणि ताप आल्यास त्याच दिवशी खोर्लीच्या आरोग्य केंद्रात जावे, हे सांगून सांगून माझा घसा बसला. भर पावसात रात्री कोणाला दम लागला, तर १०८ ची रुग्णवाहिका फेरीवरूनच यावी लागते. अशा रात्री आम्ही दोघेही झोपत नाही.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी पिएदादला बोंदेरा हा झेंड्यांचा उत्सव होतो. त्या दिवशी कोणाच्याही घरी वार नसतो, उलट सगळ्यांकडून आम्हालाच जेवणाची बोलावणी असतात. उत्तर बाजूच्या एका हिंदू आजींना माझे पती नार्व्याच्या फेरीवरून सप्तकोटेश्वराला घेऊन जातात. हे मंदिर पूर्वी दिवाडीवर होते, सोळाव्या शतकात ते उद्ध्वस्त झाल्यावर देव नदीपलीकडे नेला गेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार करविला. आजी आत दर्शन घेतात, माझे पती बाहेर बसून राहतात. आम्हाला त्यात कसलाही संकोच वाटत नाही.

रविवारी पणजीत एका घरी मराठी उपासना असते, तेथे आम्ही जातो. त्याच दिवशी नातवंडांशी फोनवर बोलणे होते आणि त्यानंतरचा तास मला जड जातो, हेही लिहिले पाहिजे. मराठी ख्रिस्ती माणसाला गोव्यात इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांची आठवण होतेच. ते १५७९ मध्ये येथे आले, १६१९ मध्ये येथेच वारले, आणि येशूच्या चरित्रावरील त्यांचे ओवीबद्ध मराठी पुराण १६१६ मध्ये राशोलला छापले गेले. चाळीस वर्षे एका भूमीत राहून तेथील लोकांची भाषा इतकी आपलीशी करणाऱ्या माणसाविषयी मला अतीव आदर वाटतो. आमच्या वाट्याला तेवढा काळ नाही, पण मंडळीने आमची मुदत आणखी एका वर्षाने वाढवून दिली आहे.

आमच्यानंतर येणाऱ्या दांपत्याने शक्यतो ऑक्टोबरमध्ये यावे, म्हणजे पावसाआधी घरे, वाटा आणि माणसे ओळखीची होतात. स्वतःच्या औषधांचा तीन महिन्यांचा साठा, चांगले रक्तदाबयंत्र आणि चिखलात न घसरणारी पादत्राणे बरोबर आणावीत. वारांचा तक्ता, डब्यांचे नमुने आणि प्रत्येक घरातील आजार व नातेवाइकांची माहिती असलेली वही आम्ही त्या त्या घरच्यांच्या संमतीने त्यांच्या हाती देऊ, आणि पहिले दोन आठवडे त्यांच्याबरोबर प्रत्येक घरी जाऊ.