पुणे ते दुबई: तिकिटावरचे तास आणि आकाशातले तास

तिकिटावर छापलेल्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. पुण्याची भारतीय, दुबईची तिथली, आणि दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. समजा पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून रात्री 9 ला निघून 10.50 ला पोचायचं आहे, तर प्रवास एक तास पन्नास मिनिटांचा नव्हे. त्यात दीड तास मिळवा, तीन तास वीस मिनिटं. येताना उलटं. पहाटे 1.30 ला निघून 5.50 ला पुण्यात, म्हणजे वरवर चार तास वीस. दीड वजा केला की दोन तास पन्नास. घ्यायला येणाऱ्यांनी गजर लावायचा तो 5.50 धरूनच, ती वेळ आपलीच आहे.

आता अंतर तेच, मग जाताना अर्धा तास जास्त का? आधी अंतर काढू. अक्षांशांतला फरक 6.67 अंश, गुणिले 111.2 (एका अंशाचे किलोमीटर): साधारण 742 किलोमीटर. रेखांशांतला 18.56 अंश, पण उत्तरेकडे सरकावं तसे रेखांश जवळ येतात, म्हणून 111.2 ने गुणून वर मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे 21.9 अंशांच्या, कोसाइनने गुणायचं: 1,915. शाळेतलं पायथागोरस लावलं की 2,053. पृथ्वीचा गोलावा नीट धरला तर 2,051 येतात, दोनच किलोमीटर कमी. (टोकियोला हीच रीत लावू नका, शंभरावर किलोमीटर फुकटचे वाढतात.)

या मार्गावरची एअरबस 320 किंवा बोइंग 737 पूर्ण उंची गाठल्यावर ताशी 830 किलोमीटरच्या आसपास जाते. वारा नसेल तर 2 तास 28 मिनिटं. चढणं-उतरणं आणि दोन्हीकडचं टॅक्सीइंग (विमानाचं जमिनीवरचं चालणं) यांचा अर्धा-पाऊण तास वेगळा. हिवाळ्यात उत्तर भारत ते अरबस्तान या पट्ट्यावर पश्चिमेकडून जोरदार झोत वाहतो, जेट स्ट्रीम. वाटेत सरासरी ताशी 100 किलोमीटरचा वारा समोरून आला तर तेच 2 तास 48 होतात, पाठीशी असला तर 2 तास 12. झाला छत्तीस मिनिटांचा फरक. पावसाळ्यात झोत उत्तरेला सरकतो आणि हा फरक बराच आटतो. विमान कंपन्या वेळापत्रकात थोडी ढील धरूनच ठेवतात, त्यामुळे 'वेळेआधी पोचलो' याचं फार कौतुक करू नये.

दीड तासाचीही एक गंमत आहे. सूर्याच्या हिशोबाने पुणे-दुबई फरक जेमतेम 74 मिनिटांचा, अंशाला चार मिनिटं. पण आपली वेळ 82.5 अंशांवरून ठरते, त्यांची 60 वरून, मधले 22.5 अंश म्हणजे नव्वद मिनिटं.

लोहगावला सोयीची वेळ नाही म्हणून मुंबई धरणाऱ्यांनी एवढं पाहावं: मुंबई याच रेषेच्या जवळपास, पुण्यापासून हवेतून 125 किलोमीटरवर आहे. विमानाला नऊ मिनिटं. गाडीने तेच दीडशे, आणि शुक्रवारी संध्याकाळी घाटात अडकलात तर चार तासही कमी पडतात.