शंभराचे एकशे एक

तेच बोर्ड तिसऱ्यांदा दुरुस्तीला टेबलावर आलं तेव्हा वर्कशॉपचे दादा काहीच बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

मोजणी यंत्राचं सर्किट बोर्ड होतं. पट्ट्यावरून वस्तू सरकली की सेन्सर एक पल्स (विजेचा छोटा ठोका) देतो, काउंटर आयसी (मोजणारी चिप) आकडा एकने वाढवतो. शंभर झाले की रिले (विजेवर चालणारा स्विच) सुटतो आणि पट्टा थांबतो. तक्रार अशी की पट्टा थांबतो शंभरावरच, पण आकडा कधीकधी एकशे एक दिसतो. पहिल्या वेळी मी सेन्सर बदलला होता, दुसऱ्या वेळी काउंटर. दोन्ही वेळा तासभर चालवून पाहिलं आणि बोर्ड शहाण्यासारखं वागलं. वागणारच. टकटक नको म्हणून मी रिले सॉकेटमधून काढून ठेवायचो.

या वेळी रिले जागेवर ठेवला. वीसेक फेऱ्यांत दोनदा एकशे एक आला. मल्टिमीटरवर सप्लाय ढिम्म. मग माझा लाडका डीएसओ138 काढला, म्हणजे सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप. किटमधून स्वतः सोल्डर करून जोडलेला, तळहातावर मावणारा. काउंटरच्या इनपुटवर प्रोब लावला. सेन्सरच्या पल्स एकामागून एक, स्वच्छ. रिले सुटतो तिथे सरळ रेघ. आकडा मात्र एकशे एक.

त्या रेघेवर मी जवळजवळ तासभर विश्वास ठेवला, हे आता सांगायला लाज वाटते. त्या स्कोपची बँडविड्थ (किती वेगाचा सिग्नल नीट दाखवतो ती मर्यादा) 200 किलोहर्ट्झ, आणि तो सेकंदाला जास्तीत जास्त दहा लाख सॅम्पल, म्हणजे मोजमापं, घेतो. म्हणजे दोन सॅम्पलमध्ये एक मायक्रोसेकंद. तेवढ्या फटीतून काहीही निसटू शकतं, आणि काउंटर आयसीला दचकायला शंभरापेक्षाही कमी नॅनोसेकंद पुरतात.

शेवटी वर्कशॉपचा मोठा स्कोप मागितला. 100 मेगाहर्ट्झ, सेकंदाला एक अब्ज सॅम्पल. दादांनी दिला, पण म्हणाले, "ट्रिगर कशावर लावणार?" म्हणजे कुठल्या सिग्नलवर स्कोपने चित्र पकडायचं. मी म्हणालो, काउंटरच्या इनपुटवर. "तिथे तर सेन्सरची प्रत्येक पल्स ट्रिगर करील. शंभरदा बटण दाबत बसशील." बरोबर होतं. मग दुसरा चॅनेल रिले चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर पायावर लावला, ट्रिगर त्यावर, मोड सिंगल, म्हणजे एकदाच पकडून थांबायचं. रिले सुटला आणि पडदा गोठला.

गोठलेल्या पडद्यावर जंगल होतं. दोन्ही चॅनेलवर वर-खाली थरथर. मी आनंदाने कपॅसिटर शोधायला उठलो, तर दादांनी प्रोबचं टोक त्याच्याच ग्राउंड क्लिपला टेकवून पुन्हा रिले सोडायला लावला. थरथर तशीच! ती सर्किटमध्ये नव्हतीच. ग्राउंडची लांब वायर अँटेना झाली होती. क्लिप काढून टोकाजवळची छोटी स्प्रिंग लावली, तेव्हा खरं चित्र आलं: कलेक्टरवर 12 व्होल्टच्या जागी 60च्या पुढे उसळी, आणि त्याच क्षणी काउंटरच्या इनपुटवर साधारण 90 नॅनोसेकंदांचा एक काटा.

रिलेच्या कॉइलवरचा, अशी उसळी गिळणारा डायोड काय करतोय? दिसायला जागेवर होता. चिमट्याने ढकलला तर एक पाय हलला. कोरडा सोल्डर जॉइंट. एका मिनिटाचं काम.

त्याच रात्री घरासाठी स्कोप शोधायला बसलो. खिसा लहान होता, त्यामुळे निवड काळजीपूर्वक झाली. इतके दिवस मी खोक्यावरचा मेगाहर्ट्झचा आकडाच पाहत होतो. पण 50 मेगाहर्ट्झच्या स्कोपचा राइझ टाइम, म्हणजे सिग्नलची उडी दाखवायला लागणारा वेळ, सुमारे 7 नॅनोसेकंद येतो (0.35 भागिले बँडविड्थ), आणि माझे छंदाचे उद्योग म्हणजे ऑडिओ, सीरियल लाइन, 400 किलोहर्ट्झपर्यंतचा आय-टू-सी (चिपांमधल्या संवादाची लाइन), छोटे पॉवर सप्लाय. त्याला 50 भरपूर. फक्त बरोबर 50 मेगाहर्ट्झवर साइन वेव्हसुद्धा 70 टक्क्यांपर्यंत उतरलेली दिसते, आणि 10 मेगाहर्ट्झची चौकोनी वेव्ह बरीचशी गोलसर, हे लक्षात ठेवायचं.

मेमरीवर मात्र अडून बसलो. दहा हजार पॉइंटची मेमरी एक अब्ज सॅम्पलच्या वेगाने दहा मायक्रोसेकंदांत भरते. जास्त वेळ पाहायचा म्हणून टाइमबेस (पडद्यावर मावणारा वेळ) वाढवला की स्कोप गुपचूप सॅम्पलचा वेग कमी करतो, आणि माझा काटा पुन्हा फटीत. काही जुन्या मॉडेलांवर सॅम्पलिंगचा भलामोठा आकडा असतो, पण तो पुनःपुन्हा येणाऱ्या सिग्नलसाठी, तुकडे जोडून काढलेला. एकदाच येणाऱ्या काट्याला तो निरुपयोगी. जुना सीआरटी (पिक्चर ट्यूबचा) स्कोप स्वस्तात मिळत होता, मोहही झाला. पण त्यावर एकदाच आलेला काटा चमकून जातो आणि आपली पापणी लवलेली असते.

रिगोल डीएस1054झेड हा स्कोप चार चॅनेलचा, मेमरी 2.4 कोटी पॉइंटपर्यंत. त्यावर बरेच दिवस जीव अडकला होता. पण त्याचे एक अब्ज सॅम्पल चारही चॅनेल चालू केले की प्रत्येकी 25 कोटींवर येतात, आणि मला चार लागणार कधी? शेवटी दोन चॅनेलचा, 50 मेगाहर्ट्झचा साधा स्कोप घेतला. वाचलेल्या पैशांत चांगले प्रोब आणि स्प्रिंगांची एक पुडी.

आला त्या दिवशी वर्कशॉपमध्येच उघडला. आधी प्रोब स्कोपवरच्या 1 किलोहर्ट्झच्या चौकोनी वेव्हच्या खुंटीला लावून त्याचा स्क्रू फिरवत चौकोनाचे कोपरे सरळ केले. एका प्रोबने पाच मिनिटं छळलं. दादा हात पुसत आले. कंपनी विचारली नाही, मेगाहर्ट्झही नाही. दुसरा चॅनेल चालू केला, कोपऱ्यातला सॅम्पलचा आकडा निम्मा झालेला पाहिला.

"हे माहीत असून घेतलास ना?"

"हो."

"मग ठीक," म्हणाले आणि आपल्या टेबलावरचं एक बोर्ड माझ्याकडे सरकवलं.