बर्नरच्या ज्योतीचं तापमान लेसरने मोजताना: माझा अनुभव

एम.एस्सी. फिजिक्सच्या प्रोजेक्टला हा विषय घेतला त्याचं कारण अगदी साधं होतं. ज्योतीत थर्मोकपल (दोन धातूंच्या तारा जोडून केलेला तापमापक) घातलं की ज्योतच बदलते. तारेला अडून गॅसचा प्रवाह फाटतो, तापलेली तार स्वतःच उष्णता बाहेर टाकत राहते आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. शिवाय आमच्या लॅबमधलं के-टाइप थर्मोकपल साधारण १२५० अंश सेल्सियसपर्यंतच चालतं, आणि एलपीजीची ज्योत त्याच्या बरीच वर जाते. प्रकाश मात्र ज्योतीला धक्का न लावता आरपार जातो.

तत्त्व बारावीच्या मुलालाही कळेल असं आहे. गरम हवा विरळ, आणि हवा विरळ झाली की तिचा अपवर्तनांक (प्रकाश तिच्यात किती मंदावतो ते सांगणारा आकडा) १ च्या आणखी जवळ येतो. लेसरचा झोत दुभागायचा, एक भाग ज्योतीतून न्यायचा, दुसरा बाजूने, आणि पुढे दोन्ही पुन्हा एकत्र आणायचे, की पडद्यावर काळे-तांबडे पट्टे उमटतात. ज्योतीतून आलेला प्रकाश किंचित पुढे निघालेला असतो, म्हणून ते पट्टे तिथे वाकतात. आम्ही वापरलेली माख-झेंडर मांडणी जुनीच आहे. झेंडरने ती १८९१ मध्ये आणि लुडविग माखने १८९२ मध्ये सुचवली.

मांडणी जुळवण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. ऑप्टिकल टेबल दुसऱ्या ग्रुपकडे होतं. मग ग्रॅनाइटची जाड लादी आणली आणि ती अर्धवट हवा भरलेल्या स्कूटरच्या ट्यूबांवर ठेवली. हा जुगाड खरंच काम करतो, महागडं टेबल नाही म्हणून कुणी विषय सोडू नये. दोन्ही झोतांचे ठिपके बीम स्प्लिटरपाशीही (झोत दुभागणारी, पुन्हा जोडणारी काच) एकावर एक आणि लांबच्या भिंतीवरही एकावर एक पडेपर्यंत आरशांचे स्क्रू फिरवत बसायचं. एका जागी जुळले की दुसरीकडे सुटतात. आणि पट्टे दिसले तरी ते नाचत असतात. एप्रिलच्या उकाड्यात पंखा बंद, खिडक्या बंद. बाहेरून शिपाईमामांनी दार उघडलं तरी पडद्यावर कळायचं. झोताच्या खाली नुसता तळहात धरून बघा, पट्टे वर सरकतात. हाताची ऊब मला तोवर अशी कधी डोळ्यांनी दिसली नव्हती.

सुरुवात मेणबत्तीने केली, पण तिची वात जळताना एका बाजूला वाकते आणि ज्योत गोल राहत नाही. पुढच्या गणिताला गोल ज्योतच लागते, त्यामुळे बारीक नळीच्या बन्सन बर्नरवर आलो. निळ्या ज्योतीचा उजेडही कमी. तरीही कॅमेऱ्यासमोर ६३२.८ नॅनोमीटरचा फिल्टर लावला, म्हणजे हीलियम-निऑन लेसरचा प्रकाश तेवढा आत येतो. आधी बर्नर विझवून एक फोटो, मग पेटवून दुसरा. डोळ्यांना ज्योत बोटभर दिसते, पण फोटोत पट्टे तिच्या कितीतरी बाहेरपर्यंत आणि वर फ्रेम संपेपर्यंत वाकलेले असतात. गरम हवेचा तो अख्खा खांब एरवी आपल्याला दिसतच नाही.

फोटो मिळाले की निम्मं काम झालं असं मला वाटत होतं. सर म्हणाले, "अरे, तू अजून तापमान मोजलंच नाहीयेस." बरोबरच होतं. एकेका ठिकाणी पट्टा सरकतो तो त्या रेषेवरच्या गार-गरम सगळ्या थरांची बेरीज म्हणून. ज्योत गोल आहे असं धरून बाहेरून आत, कांद्याचे पापुद्रे काढावेत तसा एकेक थर वजा करत जायचं. याला व्यस्त आबेल रूपांतर म्हणतात. पायथनमध्ये ते चार ओळींचं काम, पण बाहेरच्या थरांतली बारीकसारीक गडबड आत येईपर्यंत साठत जाते आणि नेमकी मधोमध सगळ्यात जास्त होते.

खरी मेख पुढे आहे. अपवर्तनांकातून १ वजा केला तर उरतं ते तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असतं. एक सेंटिमीटर जाडीचा थर ३०० केल्विनवरून ४०० वर गेला तर साधारण एक अख्खा पट्टा सरकतो. तोच थर १७०० वरून १८०० वर गेला तर पट्ट्याचा जेमतेम पंचविसावा भाग! म्हणजे ज्योत जितकी तापेल तितकी ही पद्धत आंधळी होत जाते. हे पेपरांत समीकरणाच्या रूपाने असतं, पण ठणकावून कुणी सांगत नाही. (पुस्तकातला हवेच्या अपवर्तनांकाचा आकडाही समुद्रसपाटीचा असतो. पुण्यात दाब सहा-एक टक्के कमी, तेवढी दुरुस्ती करावीच लागते.)

दुसरी गोम वायूंची. हे गणित सगळीकडे हवाच आहे असं धरतं. वरच्या भागात, जळून गेलेल्या वायूंसाठी, ते बऱ्यापैकी चालतं. कार्बन डायऑक्साइडमुळे पाचेक टक्क्यांचा फरक पडतो, पण १८०० केल्विनला पाच टक्के म्हणजे ९० अंश. आतल्या निळ्या शंकूत मात्र न जळलेला एलपीजी असतो आणि त्याचा 'अपवर्तनांक वजा १' हा आकडा हवेच्या चार-पाच पट. मुद्दाम हवेचाच स्थिरांक ठेवून शंकूच्या आतलं तापमान काढून बघितलं, तर ते शून्य अंशाखाली आलं. पेटत्या बर्नरच्या पोटात बर्फ! तो आलेख मी रिपोर्टात तसाच ठेवला, कारण वायूंचं मिश्रण माहीत नसेल तर पट्टे काय सांगतात हे त्याहून नीट दाखवता आलं नसतं.

पडताळा ज्योतीच्या बराच वर, थर्मोकपलला झेपेल अशा उंचीवर घेतला. कडेला दोन्हींचे आकडे छान जुळले, मध्याकडे जाताना फाटत गेले. शेवटच्या आलेखात मी कडेचे बिंदू ठळक दाखवले आणि मधल्या बिंदूंना त्रुटीच्या लांबलचक उभ्या रेषा दिल्या. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न त्या रेषांवर विचारला आणि पुढची सगळी चर्चा त्यावरच झाली. कमाल तापमानाचा आकडा त्यांनी विचारलाही नाही.