टाकी फुल केली की बंद पडणारी गाडी

बाबांची 1997 ची 100 सीसी गाडी साताऱ्यात घरामागे दोन पावसाळे ताडपत्रीखाली उभी होती. बाहेर काढली तेव्हा किकला लागायची, पण चोक सोडला की स्लोला, म्हणजे रेस न देता, चालू राहायची नाही. यवतेश्वरच्या घाटात तर मिसिंग करत करत बंदच पडायची. पाच मिनिटं थांबलं की परत चालू, पुढचे दोन-तीन किलोमीटर अगदी व्यवस्थित.

आधी सगळे करतात तेच केलं. प्लग नवा, एअर फिल्टर नवा, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खोलून साफ. तळाशी वाळलेल्या पेट्रोलचा चिकटा बसला होता. तो काढल्यावर स्टार्टिंग सुधारलं. (जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जाण्याच्या बारीक पितळी भोकात, तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे आणि हवा पुरते.) घाटात मात्र तीच गत.

मग पार्ट बदलणं थांबवलं आणि गाडी कुठे बंद पडते, तेव्हा टाकीत पेट्रोल किती असतं, ते वहीत लिहायला लागलो. आठवड्याभरात लक्षात आलं की टाकी फुल असली की गाडी लवकर बंद पडते, अर्धी असली की उशिरा. इतके दिवस मी पंपावरच्या पेट्रोलवर संशय घेत होतो!

टाकीतून पेट्रोल खाली जातं तेवढी हवा झाकणाच्या बारीक भोकातून आत यावी लागते. भोक बुजलं की आतला दाब कमी होत जातो आणि पेट्रोल उतरेनासं होतं. फुल टाकीत वर हवेला जागाच थोडी, म्हणून तिथे हे लवकर होतं.

खात्री करायची म्हणून इंजिन थंड असताना कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल केला आणि नळी बाटलीत सोडली. सुरुवातीला चांगली धार, मग बारीक, मग थेंब थेंब. झाकण उघडलं तर 'फुस्स' झालं आणि धार पूर्ववत! झाकणाच्या आत गंज आणि मातीचा लगदा होता. अर्धा तास रॉकेलमध्ये ठेवून हवा मारली. सगळा खर्च रॉकेलचा.

स्लोचा त्रास वेगळा निघाला. प्लगचं टोक पांढरं पडत होतं, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. इंजिन थंडच असताना गाडी चालू केली आणि कार्बोरेटर जिथे इंजिनला जोडतो तिथे तोच स्प्रे मारला. लगेच आवाज बदलला. गाडी तिथून एअर घेत होती, म्हणजे फटीतून जादा हवा आत ओढत होती. आतली ओ-रिंग (रबरी कडी) चपटी होऊन कडक झाली होती. ती बदलली, दहा मिनिटं गाडी गरम केली आणि मगच स्लो सेट केला. थंड गाडीवर केलेलं सेटिंग टिकत नाही, हे माझं आधीच दोनदा झालं होतं.

रविवारी टाकी फुल करून बाबांना मागे बसवलं. कासपर्यंत एकदाही थांबावं लागलं नाही. परत आल्यावर प्लग काढून पाहिला तर विटकरी रंगाचा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण बरोबर. बाबांनी तो हातात घेतला, उजेडात धरला आणि म्हणाले, "आता चावी दे इकडे."