कोकणात पायरीला ग्रॅनाइट बसवताना

कोकणात पायरीचा ग्रॅनाइट वरून झिजण्याआधी खालून बिघडतो. गारगोटी, फेल्डस्पार आणि अभ्रकाचा हा दगड इतका घट्ट, की चांगली फरशी आपल्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी पीत नाही. पण आपल्याकडे ती बसते चिऱ्याच्या जोत्यावर, आणि चिरा म्हणजे भोकाभोकांचा, पाणी धरून ठेवणारा दगड. पावसाचे चार महिने जोतं ओलंच. ते पाणी वर येताना सिमेंटमधला चुना आणि वाळूतलं मीठ घेऊन येतं, सांध्यांतून बाहेर पडतं आणि उघडीप मिळाली की तिथे पांढरी पूड सोडतं. याला खार फुटणं म्हणतात. लोक दगड बदलायला निघतात, पण दोष बहुतेक वेळा वाळूत किंवा बैठकीत, म्हणजे फरशीखालच्या मालाच्या थरात असतो.

खाडीची वाळू न धुता वापरली, तर तिच्यातलं मीठ फरशीखाली जाऊन बसतं. मग वरून कितीही पुसा, पावसानंतर पांढरं परत येणार. नदीची वाळू घ्या, नाहीतर धुतलेली क्रश सँड. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर माल कालवायला तेही नको.

माल एकास चार (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), बैठक २० ते २५ मिमी, आणि ती कोपऱ्यापर्यंत भरलेली हवी. घाईत पाच ठिकाणी मालाचे गोळे टाकून वरून फरशी दाबली जाते, ते अजिबात चालू देऊ नका. मधल्या पोकळीत पाणी साचतं, वर गोळ्यांच्या जागा ठिपक्यांसारख्या उमटतात, आणि कडेवर नारळ जरी जोरात आपटला तरी टवका उडतो. फरशीच्या पाठीवर करवतीचा राखाडी गाळ सुकलेला असतो. तो घासून धुतल्याशिवाय सिमेंट धरत नाही. पाठ धुवायची, सिमेंटची पातळ रबडी फासायची आणि मगच फरशी ठेवायची. पाठीला रेझिनने जाळी चिकटवलेली असेल तर साधा माल तिला धरणारच नाही. तिथे इपॉक्सीचा गोंद लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातोडीच्या लाकडी दांड्याने सगळीकडे ठोकून बघा. ‘ठक’ वाजलं तर भरीव, ‘ढब’ वाजलं तर पोकळ. पोकळ तुकडा तेव्हाच उचलायला सांगा. माल पक्का झाल्यावर तो सहसा फुटूनच निघतो.

३०० मिमीच्या पायरीला पुढच्या बाजूला ३ ते ४ मिमी उतार द्या. पुढची कड २०-२५ मिमी बाहेर काढा आणि तिच्या खालच्या अंगाला कटरने ५ मिमीची खाच मारून घ्या. खाच असली की पाण्याचा थेंब तिथेच तुटून खाली पडतो. नसली तर पाणी मागे वळतं, उभ्या पट्टीवरून सांध्यात शिरतं. एवढ्याशा कामासाठी कटर परत आणायला मिस्त्री कुरकुरतो, पण ही खाच सोडू नये.

पागोळ्यांखाली चकचकीत पॉलिशची पायरी मला अजिबात मान्य नाही. ओली झाली, त्यावर शेवाळाचा बारीक थर बसला, की म्हातारी माणसं आणि मुलं घसरतात. बाहेर फ्लेम फिनिश घ्या. ज्योतीच्या आचेने वरचे स्फटिक फुगून उडतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. त्यासाठी जाडी किमान २० मिमी हवी, कारण पातळ फरशी आचेने कमजोर होते.

पिवळे डाग बहुधा ॲसिडचे. सांडलेलं सिमेंट काढायला ॲसिड ओतलं की ते सांध्यातला माल खातं आणि दगडातल्या लोहयुक्त कणांना गंज आणतं. फिकट फरशीवर हे डाग उठून दिसतात आणि हट्टी असतात. त्याऐवजी त्याच दिवशी ओल्या गोणपाटाने फरशी पुसून घ्यायची.

स्वयंपाकघरात त्रास कमी. सिंकचं भोक कापताना चारही कोपऱ्यांना आधी ड्रिलने गोल भोकं पाडून घ्यावीत. काटकोनी कोपऱ्यातून भेग सुरू होते. काळा म्हणून विकला जाणारा दगड बहुतेक वेळा खरा ग्रॅनाइट नसतो, तो गॅब्रो किंवा डोलेराइट नावाचा वेगळा काळा अग्निजन्य दगड असतो, आणि त्यात वाईट काही नाही. मात्र रंगवलेला माल ओळखायला शिका. ॲसिटोनमध्ये भिजवलेला पांढरा कापूस दगडावर घासा. कापूस काळा झाला तर ती फरशी घेऊ नका, आगळ किंवा लिंबू सांडल्यावर तिच्यावर फिके चट्टे पडू शकतात. तेल मुरलं असेल तर खाण्याच्या सोड्याचा दाट लेप लावून वर प्लास्टिक चिकटवा आणि २४ तास ठेवा. एकदा न निघाल्यास पुन्हा करा.

भिंतीला उभी फरशी लावताना नुसत्या गोंदावर भरवसा नको. स्टेनलेस क्लॅम्प घ्या, आणि किनाऱ्याजवळ तो ३१६ ग्रेडचाच. साधं लोखंड खाऱ्या हवेत गंजून फुगतं आणि दगडाची कड फोडतं.

सीलर, म्हणजे दगडात पाणी मुरू न देणारं द्रव, शेवटी. फरशीवर चार थेंब पाणी टाकून पंधरा मिनिटं थांबा. दगड काळवंडला तरच सीलर हवा. तोही पावसाळ्यानंतर लगेच नाही, नाहीतर आतली ओल आतच कोंडते. ओल गेली का ते बघायला जानेवारीत फरशीवर दोन फूट लांब-रुंद प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर आणखी आठ दिवस थांबून पुन्हा हेच करून बघा.