तीन दगडांच्या चुलीपाशी

जपानच्या ओकिनावा बेटावर येऊन दीड वर्ष झालं तरी जुनं ओकिनावा मी पाहिलंच नव्हतं. नाहा शहरात आमचं सिमेंटचं घर, आजूबाजूलाही सगळं सिमेंटच. १९४४च्या ऑक्टोबरातल्या हवाई हल्ल्यात आणि पुढच्या वर्षीच्या लढाईत इथलं जुनं शहर जळून गेलं. म्हणून बेटाच्या उत्तरेकडच्या मोतोबू गावातल्या 'ओकिनावा क्योदो मुरा'ला जायचं ठरवलं. १७ ते १९व्या शतकातलं र्‍युक्यू राजवटीतलं, म्हणजे ओकिनावाच्या जुन्या राज्यातलं, खेडं तिथे नव्याने उभारलेलं आहे. १९७५चं सागर प्रदर्शन जिथे भरलं, त्याच उद्यानात. प्रवेश मोफत, शेजारच्या मत्स्यालयाचं तिकीट मात्र वेगळं.

जायचं कसं, हाच पहिला प्रश्न. भारतातून आणलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना इथे एकच वर्ष चालतो, तो संपलेला. परवाना बदलून घ्यायची परीक्षा अजून द्यायची आहे. मोनोरेल उत्तरेला जात नाही. उरली बस, दोन-अडीच तासांची. सकाळची पहिली बस धरा आणि आधी गाव बघा. उन्हं चढली की मत्स्यालयात शिरता येतं, उलटं केलं तर उघड्यावर भाजून निघाल. पायमोजे न्या, घरांत चपला काढूनच जायचं असतं.

पहिल्या घरासमोर एक आडवी भिंत लागली. तिला हिंपुन म्हणतात. रस्त्यावरून आतलं दिसू नये आणि दुष्ट शक्ती सरळ आत शिरू नये, यासाठी ती असते. पाहुण्यांनी तिच्या उजवीकडून जायचं, घरातल्या बायकांनी डावीकडून, थेट स्वयंपाकघराकडे. मला हे ठाऊक नव्हतं, मी आपली डावीकडूनच गेले.

आत एक आजी बसल्या होत्या. "फिरायला आलात? कुठून?" त्यांनी जपानीत विचारलं. सवयीने 'भारतातून' म्हणणार होते, पण "नाहाहून" म्हणाले. त्या हसल्या, सरकून जागा दिली, आणि सान्पिन म्हणजे जाईच्या चहाबरोबर काळ्या साखरेचा खडा हातावर ठेवला. ही काळी साखर म्हणजे आपला गूळच, उसाच्या रसाचा. उन्हातून आलेल्याला आजोळी गूळ-पाणी मिळायचं, ते आठवून माझे डोळे भरून आले.

मग मी चुलीबद्दल विचारलं. ओकिनावात चुलीचा देव असतो, हिनुकान. पूर्वी तीन दगड हेच त्याचं रूप. आता बऱ्याच घरांत, अगदी फ्लॅटमध्येही, ओट्यावर पांढरी उदबत्तीदाणी असते. पूजा घरातल्या बाईने करायची. मी माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं की आमच्याकडेही तीन दगडांची चूल असते, तिला हळदकुंकू वाहतात. आजींनी ते दोनदा सांगायला लावलं.

बाहेर आल्यावर छपरांकडे नीट पाहिलं. शाकारलेली! सामान्य माणसाला घरावर लाल कौलं घालायला १८८९पर्यंत बंदी होती. चार पायांवर उभं असलेलं धान्याचं कोठार बघताना तर मी बराच वेळ थांबले. उंदरांना चढता येऊ नये म्हणून ते असं उंच बांधत. 'नवीन बांधलेलं आहे, त्यात काय बघायचं' असं मला काहींनी सांगितलं होतं. मला ते पटत नाही. मूळ घरं आगीत गेली असताना कुणीतरी खांब पुन्हा तसेच उभे केले, हिंपुन तशीच घातली, म्हणून त्या चुलीपाशी आम्ही दोघी बसू शकलो.

निघताना आजी म्हणाल्या, हिनुकानची पूजा चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी असते. पंधरावा म्हणजे पौर्णिमेच्या आसपासच. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे. रात्री घरी पोहोचून पाहिलं, पौर्णिमा चार दिवसांवर होती.