३.७ सेकंद आणि नागपूरचं सिमेंटचं कोर्ट

विदर्भ एक्स्प्रेस सकाळी नागपुरात सोडते. बास्केटबॉलसाठी आलेल्या माणसाने स्टेशनबाहेर रिक्षा शोधत बसू नये. स्टेशनजवळच मेट्रोच्या ॲक्वा मार्गिकेचं स्थानक आहे. लोकमान्य नगरकडे जाणारी गाडी पकडायची. कॉटन मार्केट, सीताबर्डी, झाशी राणी चौक अशी स्थानकं मागे टाकत शंकर नगर चौकात उतरायचं. सीताबर्डीला गाडी बदलायची ती विमानतळाकडे किंवा कामठी रोडकडे जाणाऱ्यांनी. शंकर नगर, धरमपेठ, शिवाजी नगर हा सगळा भाग पायी फिरण्याजोगा आहे, आणि संध्याकाळी चेंडूचा टप टप आवाज कानावर आला की त्या दिशेने वळायचं.

डिसेंबरात इथे दिवस मुंबईपेक्षा लवकर कलतो. साडेपाचनंतर उजेड उतरतो, हवेत गारवा येतो, आणि उघड्या कोर्टावर खेळायला याहून चांगले महिने नागपुरात नाहीत. एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा सिमेंट सूर्य बुडाल्यावरही तासभर तापलेलं असतं. चेंडूचंही तसंच. सकाळी आठ पौंड दाबावर फुगवलेला चेंडू वीस अंशांनी तापला की आतला दाब साधारण दीड पौंडाने चढतो. मग तो रिंगवरून लांब उडतो आणि ड्रिबल हातात बसत नाही. उन्हाळ्यात इथे खेळणाऱ्याने पिनपंप जवळ ठेवावा आणि दाब संध्याकाळीच तपासावा.

मी बसलो ते कोर्ट साधं होतं. सिमेंटची जमीन, दोन खांब, चार दिवे. एका अर्ध्या भागात मुली सहा नंबरच्या चेंडूने लेअप, म्हणजे धावत रिंगजवळ जाऊन टाकायचा शॉट, घोटत होत्या. दुसऱ्या अर्ध्यात सोळा-सतरा वर्षांची मुलं सरांभोवती गोळा झाली होती. सरांच्या हातात मोजायची टेप आणि खडू. त्या संध्याकाळचा धडा एकाच शॉटचा होता : २३ ऑगस्ट २०२०, डॅलस मॅव्हरिक्स विरुद्ध लॉस एंजेलिस क्लिपर्स, प्लेऑफच्या पहिल्या फेरीचा चौथा सामना, लुका डॉनचिच.

ज्यांनी तो सामना पाहिला नाही त्यांच्यासाठी. कोरोनामुळे त्या वर्षी एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे, उरलेले सगळे सामने फ्लोरिडात एकाच ठिकाणी, रिकाम्या गॅलऱ्यांसमोर झाले. लुका तेव्हा २१ वर्षांचा. आदल्या सामन्यात त्याचा डावा घोटा मुरगळलेला, संघातला दुसरा मोठा खेळाडू क्रिस्टॅप्स पोरझिंगिस गुडघ्यामुळे बाहेर, आणि सामन्यात डॅलस एका टप्प्यावर २१ गुणांनी मागे. तिथून त्यांनी बरोबरी गाठली, सामना ओव्हरटाइममध्ये नेला, आणि ३.७ सेकंद उरले असताना ते एका गुणाने मागे होते, १३२–१३३. लुकाने बझरवर तीन गुणांचा शॉट टाकला आणि डॅलस १३५–१३३ ने जिंकलं. त्याचे ४३ गुण, १७ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू), १३ असिस्ट (बास्केट करून देणारे पास).

पुढे ती मालिका क्लिपर्सनेच ४–२ ने जिंकली. तरी आजही कोर्टाकोर्टावर मुलं घोटतात तो शॉट लुकाचाच.

सर टेप घेऊन रिंगखाली गेले. रिंगचा मध्य एंडलाइनपासून, म्हणजे रिंगमागच्या रेषेपासून, १.५७५ मीटर आत असतो, तिथून मोजायचं. आपल्याकडची, म्हणजे फिबाची (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची), तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर. एनबीएची ७.२४ वर. लुकाचा शॉट २८ फुटांवरून, म्हणजे साडेआठ मीटरवरून सुटला होता. सरांनी डाव्या बाजूला तिथे खडूने फुली मारली. फुली आणि रेषा यांच्यात पावणेदोन मीटरहून जास्त जागा उरली. मुलं बघतच राहिली.

एकजण म्हणाला, "बाप्पा! सर, एकच गुण पाहिजे होता ना? मग एवढ्या लांबून काहून मारला? आत घुसला असता."

प्रश्न अगदी योग्य होता, आणि माझ्या मते सगळा धडाच त्यात होता. एका गुणाने मागे असलेला खेळाडू आत घुसेल हे बचाव करणाऱ्यालाही ठाऊक असतं. तो एक पाऊल मागे राहतो आणि ही आत घुसायची धाव, म्हणजे ड्राइव्ह, अडवायला वजन टाचांवर घेतो. त्याने सोडलेली मोकळी जागा त्याच्या पुढ्यात असते, आणि स्टेप-बॅक म्हणजे मागे उडी घेऊन ती जागा आणखी रुंद करणं. लुकाने अंतर वाढवलं ते हात आडवा येऊ नये म्हणून. आत गेला असता तर मदतीला दुसरा, तिसरा बचावपटू आला असता, आणि पंच शेवटच्या सेकंदाला शिट्टी वाजवतीलच याचा भरवसा कोणी देत नाही.

पण सरांनी सुरुवातीला शॉटला हातच लावला नाही. साइडलाइनवर एंडलाइनपासून ८.३२५ मीटरवर जी छोटी थ्रो-इनची, म्हणजे बाहेरून चेंडू आत टाकायची, खूण असते, तिथे एका मुलाला उभं केलं. शेवटच्या दोन मिनिटांत, आपल्याच अर्ध्यातून चेंडू आत टाकायचा असताना टाइमआउट घेतला, तर प्रशिक्षक थ्रो-इन पुढच्या अर्ध्यातल्या या खुणेवरून मागू शकतो. बऱ्याच शालेय संघांना हा नियम माहीतच नसतो. टाइमआउट संपतो, मुलं सवयीने मागूनच चेंडू टाकतात, आणि दोन सेकंद अर्धं कोर्ट ओलांडण्यात जातात. दुसऱ्या अर्ध्यात तीन टाइमआउट मिळतात, पण शेवटच्या दोन मिनिटांत त्यातले दोनच वापरता येतात. एक तरी राखून ठेवायचा तो यासाठी.

मग स्क्रीन, म्हणजे सहकाऱ्याने बचावपटूच्या वाटेत पाय रोवून उभं राहणं. लुकासमोर शेवटी उभा राहिला तो रेजी जॅक्सन, लुकापेक्षा उंचीने कमी असलेला गार्ड. तो तिथे आला स्विचमुळे. ३.७ सेकंदांत स्क्रीनला वळसा घालून आपल्या माणसापर्यंत परत पोचायला बचावपटूला वेळ नसतो. वळसा घालताना अर्धा सेकंद गेला तरी शॉट मोकळा मिळतो. म्हणून बचाव करणारे माणसं अदलाबदल करतात, आणि ते चुकीचंही नाही. फक्त हल्ला करणाऱ्यालाही हे आधी कळतं. मग तो स्क्रीनला कोणाला बोलवायचं ते ठरवतो : ज्याच्यावर समोरच्यांचा बुटका किंवा सावकाश बचावपटू लागलाय त्याला. स्क्रीन लावणारा स्वतः चांगला खेळाडू असायची गरज नाही, त्याला अडवणारा महत्त्वाचा. हे आपल्या मुलांना समजावणं फार गरजेचं आहे, कारण आपल्याकडे स्क्रीनला नेहमी संघातला सगळ्यात उंच मुलगाच धावतो, आणि स्विच होऊन समोर येतो तो समोरच्यांचा सगळ्यात उंच मुलगा.

पहिल्या चार-पाच प्रयत्नांत काय काय बिघडलं ते सांगतो, कारण ते सगळीकडे असंच बिघडतं. पहिल्यांदा स्क्रीन लवकर लागली. चेंडू आत यायच्या आधीच बचाव करणारे बोलून मोकळे झाले आणि आपापल्या माणसाकडे परतले. दुसऱ्यांदा स्क्रीन लावणारा हलत होता. पाय रोवलेले नसताना धक्का लागला की फाउल त्याच्यावर, आणि चेंडू समोरच्यांना. तिसऱ्यांदा थ्रो-इनवाला पाच सेकंदांत चेंडू टाकूच शकला नाही, कारण घेणारा सरळ त्याच्याकडे चालत आला. घेणाऱ्याने आधी दोन पावलं लांब जायचं, मग वळून झपाट्याने चेंडूकडे यायचं. चौथ्यांदा सगळं नीट झालं, पण मुलाने चार ड्रिबल मारले आणि चेंडू हातात असतानाच सरांची शिट्टी वाजली.

सर घड्याळ असं मोजत होते : चेंडूला कोर्टातल्या खेळाडूचा हात लागला की घड्याळ सुरू, थ्रो-इन करणाऱ्याच्या हातात असेपर्यंत नाही. म्हणजे ३.७ सेकंद पूर्णच्या पूर्ण मिळतात. चेंडू घेऊन रिंगकडे तोंड करायला जवळपास एक सेकंद, दोन किंवा फार तर तीन ड्रिबलना दीड, मागे उडी आणि शॉटला एक. उरतात दोन दशांश. बझर वाजताना चेंडू हातातून सुटलेला असला की पुरे, हवेत असला तरी चालतो. बोर्डाभोवतीचा लाल दिवा लागायच्या आत सुटला का, एवढंच पंच बघतात. आणि घड्याळात ०.२ किंवा ०.१ सेकंद उरले असतील तर पकडून मारायची मुभाच नसते. थ्रो-इनवर हवेतच टॅप करायचं किंवा डंक, म्हणजे वरून चेंडू रिंगमध्ये कोंबायचा. पकडून मारण्यासाठी किमान ०.३ लागतात.

आता पाय. उजव्या हाताने मारणाऱ्याला डावीकडे मागे जायचं असेल तर शेवटचा ड्रिबल जोरात आणि खाली, उजवा पाय पुढे रोवायचा, त्याच पायाने जमीन ढकलायची, आणि उतरताना आधी डावा, मग उजवा पाय. २०१७ पासून फिबाच्या नियमात झिरो स्टेप आहे. चालत्या खेळाडूने चेंडू दोन्ही हातांत घेताना जो पाय जमिनीवर आहे तो मोजला जात नाही, त्यानंतरची दोन पावलं मोजायची. म्हणून हे ट्रॅव्हलिंग, म्हणजे चेंडू घेऊन जास्त पावलं टाकण्याची चूक, होत नाही. होतं ते उतरल्यावर पाय सरकवला तर, आणि सिमेंटवर बारीक धूळ असली की पाय सरकतोच. सरांच्या मुलांनी सुरुवातीला कोर्ट झाडून काढलं होतं, आणि एक ओलं फडकं बाहेर ठेवलं होतं तळवे पुसायला. बुटाचा तळवा ओला करून कोरडा होऊ द्यायचा नाही, लगेच खेळायला जायचं, हे मुलं आपोआप करत होती.

बहुतेकांचा चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागून पडत होता. कारण एकच : उडी मागे गेली आणि शरीरही मागेच जात राहिलं. उतरल्यावर खांदे पुन्हा रिंगकडे आले पाहिजेत, गुडघे वाकलेले असले पाहिजेत, आणि वर जाताना उडी सरळ हवी. साडेआठ मीटरवर दंडाने ताकद लावायला गेलं की दुसरा हात चेंडू फिरवतो आणि चेंडू कडेला जातो. सरांनी शेवटी सगळ्यांना फुलीवरून हटवून ६.७५ च्या आत आणलं. हे मला फार पटलं. सोळा वर्षांच्या मुलाने आधी आतून पाय पक्के करावेत. लुका तेराव्या वर्षी रेआल माद्रिदमध्ये गेला, सोळाव्या वर्षी त्यांच्या मोठ्या संघात खेळला आणि २०१८ मध्ये युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. साडेआठ मीटरचा शॉट त्या सगळ्यानंतरचा आहे.

घोट्याबद्दलही एक. या उडीत भार पहिल्यांदा डाव्या पायावर येतो, आणि लुकाचा मुरगळलेला घोटा डावाच होता. सिमेंटवर ही उडी दिवसाला शंभर वेळा घोटू नये. पंधरा-वीस पुरेत, तीही उड्यांचा दुसरा सराव नसलेल्या दिवशी.

तोवर पलीकडच्या मुली पाणी प्यायला आल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "सर, त्याच्यावर दोघांनी जायला पाहिजे होतं ना? सगळ्यांना माहीत होतं तोच मारून राहिला." सर हसले आणि प्रश्न मुलांकडे टाकला. एकाने उत्तर दिलं की दोघं गेले तर कोणीतरी मोकळा सुटतो. खरं आहे, आणि डॅलसकडे ट्रे बर्क, सेथ करी असे मारणारे होते. तरीही मला मुलीचं म्हणणं बरोबर वाटतं. ३.७ सेकंदांत पास दिला की सेकंदभर गेला, आणि पास घेणारा तयार उभा असेलच असं नाही. ४३ गुण केलेल्या माणसाच्या हातून चेंडू काढून घेणं हेच बचावाचं पहिलं काम होतं.

याच्या उलट उदाहरण सरांनी जाता जाता दिलं. ३१ मे २००७, डेट्रॉइटविरुद्ध लेब्रॉन जेम्स, वय २२. क्लीव्हलंडचे शेवटचे २५ गुण सलग त्याने एकट्याने केले, दोन ओव्हरटाइमनंतर १०९–१०७, आणि निर्णायक बास्केट २.२ सेकंद उरले असताना आत घुसून लेअपने. तिथे रस्ता आतून मिळाला, इथे बाहेरून. डेट्रॉइटनेही बचाव वेळेत बदलला नाही, हे दोन्हींत सारखं.

सरावाला बाहेरचा माणूस आला तर इथे कोणी हटकत नाही. पण साइडलाइनला लागून बसू नका, बेंचमागे बसा, आणि चेंडू आला तर हाताने परत द्या, पायाने नाही. सराव बघायचा तर साडेपाचला पोचा. सातनंतर मोठी माणसं खेळायला येतात आणि मुलांचं कोर्ट अर्धं होतं.

मोठी माणसं आली तेव्हा सर टेप गुंडाळत होते. मघाशी चार ड्रिबल मारणारा मुलगा खडू मागून घेऊन गेला. साडेआठ मीटरच्या फुलीकडे तो गेला नाही. थ्रो-इनच्या खुणेपासून तीन पावलं मोजली, स्क्रीन जिथे लागायला हवी होती तिथे एक छोटी रेघ ओढली, आणि मित्राला ओरडून म्हणाला, "अबे, इथं उभा राय. मी हात लावल्यावर ये, त्याच्या आधी नाही."